कोऱ्या इमानाचं नाव

भिलाईच्या कोहक्यातल्या सिंधुताईला पाटी वाचल्याशिवाय कोणत्याच गाडीत पाय टाकता येत नाही. वाचायची तीही मनात नाही, चांगली मोठ्यानं. सुपेल्याच्या चौकात उभी राहिली की येणाऱ्या दर बसची पाटी ती बाराखडी म्हटल्यासारखी वाचते. पावर हाऊस. धमधा. राजनांदगाव. तिला जायचं असतं बाजारातून पालक-सांबार, म्हणजे पालक-कोथिंबीर, घेऊन घरी, पण वाचल्याबिगर एकही गाडी पुढे जाऊ देत नाही. ऑटोवाला तर गल्लीतलाच. तरी त्याला विचारणार, "कोहक्यालेच जाते न गा?"

तो बिचारा म्हणतो, "काकी, दस साल से कोहका ही जा रहा हूँ."

"थे मले मालूम हाये. आज जाते का, थे सांग."

लोक हसतात. हसू द्या. ह्या सवयीच्या बुडाशी एक गोष्ट आहे, आणि ती तिच्या लग्नाच्या सालची आहे.

सिंधुताई अर्जुनी-मोरगावकडची. धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेली, चौथी शिकून घरी बसलेली. लग्न लागलं ते दयारामशी. दयाराम भिलाईच्या कारखान्यात नुकताच लागलेला. लग्नानंतर तो तिला घेऊन निघाला. छोट्या रेल्वेनं गोंदियापर्यंत आले. तिथून दुर्गची मोठी गाडी धरायची होती. "अठीच बस, मी पाणी भरून आणतो," असं सांगून दयाराम सुरई घेऊन गेला. तेवढ्यात दोन अंगांना दोन गाड्या लागल्या. पेट्या घेऊन बाया चढताना दिसल्या, नवरीही आपली पेटी घेऊन चढली. गाडी निघाली ती नागपूरच्या अंगानं. तिरोडा आल्यावर कोणी तरी विचारलं, "कोठी जाता वं बाई?" ती म्हणाली, "भिलाई." डब्यातली माणसं एकमेकांकडं पाहू लागली. तिला तिरोड्याला उतरवून दिलं.

फलाटावर पेटीवर बसून राहिली. रडली नाही. रडायचं कोणासमोर? मागच्या गाडीनं दयाराम आला. हातात सुरई, अर्धं पाणी सांडलेलं. रागावला नाही, हसला नाही. जवळ आला आणि म्हणाला, "जेवली का?"

बस. तेवढंच. त्याच्या पुढच्या सगळ्या संसारात हा माणूस ह्याच्यापेक्षा जास्त कधी बोलला नाही. रेल मिलमध्ये क्रेन चालवायचा. वरच्या केबिनमध्ये एकटा बसायचा, खाली माणसं हातानं इशारे करायची, तो पट्ट्या उचलायचा आणि ठेवायचा. घरी पण तसंच. सिंधुताईनं बोट दाखवावं, त्यानं उचलावं. सेक्टरच्या क्वार्टरात राहिले, रिटायर झाल्यावर कोहक्यात घर बांधलं. एक मुलगा, मोहित, तो बंगलोरला गेला. आणि सिंधुताई तेव्हापासून पाट्या वाचत राहिली, मोठ्यानं, म्हणजे पुन्हा चूक नको आणि चूक झालीच तर सोबतच्या माणसाला ऐकू गेलेलं असावं.

दयाराम गेला तो पौषात. सकाळी उन्हात खुर्ची टाकून दाढी करत बसला होता. अर्ध्या गालाला फेस. सिंधुताई आतून म्हणाली, "चहा होऊन राहिला जी." उत्तर आलं नाही, पण उत्तर तसंही कधी येत नसे. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा वस्तरा मांडीवर पडला होता.

ती रडली नाही. कोहक्यातल्या बायांनी वाट पाहिली. कोणी म्हणे, सदमा बसला. कोणी म्हणे, बाई मुळातच कडक. सिंधुताईला ह्यातलं काहीच लागलं नाही. हात उशाखाली धरून झोपलं की सकाळी बहिरा होतो, आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो, तसं तिचं सगळं आंग बहिरं झालं होतं. वरणात मीठ आहे की नाही, कळत नव्हतं. मोहित आला, मिठी मारून रडला, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मनात म्हणत राहिली, ह्या सदऱ्याची शिवण उसवली आहे.

अस्थींचं मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून मागच्या पेरूच्या झाडाला टांगलं. घरात ठेवत नाहीत. आता प्रयागला न्यायचं.

आणि इथं त्यांच्या घरची रीत सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. मेलेल्या माणसाला नेताना त्याला हाक द्यावी लागते. घरातून निघताना सांगायचं, चला जी, निघालो. ऑटोत बसताना सांगायचं, ऑटोत बसून राहिलो. नदी आली की सांगायचं, पूल आला. आणि गाडी बदलली की नव्या गाडीचं नाव घेऊन सांगायचं. कारण त्याला आता डोळे नाहीत, तो फक्त नावावर चढतो. ज्याचं नाव घेतलं त्यातच बसतो. नाव चुकलं की राहिला मागं.

उगाच नाही. दाखला आहे. दयारामचा मोठा भाऊ फकिरा, त्यानं बापाच्या अस्थी प्रयागला नेल्या होत्या. कटनीला गाडी बदलली. फकिराला तेव्हा तंबाखूची तलफ आलेली, तो पुडी शोधण्यात गुंतला आणि हाक द्यायची विसरला. घरी येऊन बोलून बसला. त्या दिवसापासून बुढा कटनीलाच आहे. घरात कोणाला शंका नाही. कोणी त्या मार्गानं निघालं की कटनी स्टेशनवर खिडकीतून एक बिडी खाली टाकतात, आणि कपभर चहा फलाटावर ओततात. फकिराची बायको रुक्मा आजही भांडणात म्हणते, "बापाले कटनीच्या फलाटावर टाकून आलेला मानूस तू, मले काय शिकवतं?"

ही रुक्मा, म्हणजे सिंधुताईची मोठी जाऊ, निघायच्या आदल्या दिवशी खास गावावरून आली. सिंधुताईला समोर बसवलं.

"हाक तूच देजो. पोट्ट्याच्या भरवशावर राहू नको. त्याले आधीच मराठी अर्धं येते."

"हो."

"गाडीचं नाव पुरं घ्याचं. भलतंच नाव घेशीन त भाऊजी अठीच रायतीन."

"हो."

"आन रडून घे वं आता. मंग तठी गर्दीत नाई जमत."

"हो," सिंधुताई म्हणाली, आणि भाजी निवडायला उठली.

जायचं होतं सारनाथ एक्सप्रेसनं. भिलाईवाला प्रयागला जातो तो सारनाथनंच जातो. पण माघातलं धुकं, गाडी त्या हप्त्यात रद्द. मोहितची सुट्टी संपत आलेली. त्यानं मोबाइलवर बोटं फिरवली आणि म्हणाला, "मम्मी, रायपूरहून फ्लाइट आहे. माघ मेले के लिए एक्स्ट्रा लगाई है. नीलपंखची. पप्पा कधी बसले नव्हते न विमानात."

सिंधुताईनं विचारलं, "काय नाव?"

"नीलपंख."

तिनं ते नाव दोनदा म्हटलं. सोपं होतं. जिभेवर बसलं.

सकाळी पेरूवरून मडकं उतरवलं. सिंधुताईनं ते पदरात घेतलं. "चला जी, निघालो." टॅक्सीत बसताना तिनं वाकून टॅक्सीचा नंबर वाचला आणि सांगितला. कुम्हारीपुढं खारून नदी आली, "पूल आला जी." ड्रायव्हर आरशातून पाहत होता. मोहित खिडकीबाहेर पाहत होता. रायपूरच्या माना विमानतळावर आत जाताना, "काचेचं दार हाये, आपूनच उघडते, भेवू नका." सामान मशीनमध्ये टाकायची वेळ आली तेव्हा मोहितनं स्मशानाचा दाखला दाखवला. वर्दीतल्या जवानानं मडक्याकडं पाहिलं आणि टोपी सरळ केली. "माताजी, आराम से. इसमें रख दीजिए, मैं पकड़ता हूँ." मडकं मातीचं, म्हणून मशीनला आरपार दिसलं. तांब्याचं असतं तर फडकं सोडावं लागलं असतं, असं तो म्हणाला. सिंधुताई म्हणाली, "मशीनीतून जाऊन राहिले जी. तुमची रेल मिल नोहे, लहान हाये."

आत मोठ्या पाटीवर हिंदीत उतरून आलं, नीलपंख, प्रयागराज. सिंधुताईनं मोठ्यानं वाचलं. बाजूच्या खुर्चीवरचा शेठ दचकला. मग तिनं मडक्यावर तोंड नेऊन नीट, सावकाश, रुक्माला आवडलं असतं अशा रीतीनं हाक दिली. "चला जी. नीलपंखाच्या इमानात बसून राहिलो. प्रयागले."

झालं. काम झालं. आता बसायचंच बाकी होतं.

बसनं विमानापाशी नेलं. दार उघडलं. लोक खाली उतरले आणि तिथंच थांबले. समोर विमान होतं ते कोरं पांढरं. नीलपंखची निळी शेपटी नाही, पाखरू नाही, काही नाही. दाराशेजारी टिकलीएवढं निळं स्टिकर चिकटवलेलं. आणि पोटावर मोठ्या अक्षरांत भलतंच काही तरी लिहिलेलं, इंग्रजीतलं, पण इंग्रजीही नाही, अक्षरांवर टिंबं आणि शेपट्या. जिन्याच्या वर दारात दोन गोऱ्या पोरी हसत उभ्या.

सिंधुताईनं वाचायला तोंड उघडलं आणि तोंड तसंच राहिलं. तिरोड्यानंतर पहिली पाटी, जी तिला वाचता येईना.

"ये किसका है?" शेठ ओरडला. "हमने नीलपंख का टिकट लिया है!"

नीलपंखचं जाकीट घातलेली एक पोरगी खाली उभी होती. छातीवर नाव, उन्नती. ती घाईघाईनं म्हणाली, "सर, नीलपंख की ही फ्लाइट है. एयरक्राफ्ट वेट लीज पर है."

"और कितना वेट? एक घंटे से वेट ही कर रहे हैं!" असं म्हणून शेठ आपल्या बॅगेवर बसला.

लोक हसले. उन्नती हसली नाही, तिला दिवसात हे बऱ्याचदा ऐकावं लागत असावं.

मोहितचा पारा चढला. "मॅडम, बताना चाहिए था न. मी खिडकीची सीट घेतली होती."

"मेसेज गेला होता सर, काल संध्याकाळी." ती मराठीवर आली. त्याचं 'मी घेतली होती' तिनं पकडलं होतं. "तुम्ही भिलाईचे का? मी पण. सेक्टर सहा. बघा, फ्लाइट नंबरच्या खाली बारीक ओळ असते, विमान कोण चालवणार त्याची. ती कोणीच वाचत नाही. विमान बदललं की सीटचा नकाशा बदलतो. तुमच्या नंबरची सीट ह्यात खिडकीला नाहीच."

"मतलब विमान तुमचं नाहीच?"

"वेट लीज म्हणजे विमान त्या परदेशी कंपनीचं, पायलट त्यांचे, आतल्या मुली त्यांच्या, दुरुस्ती त्यांची. तिकीट आमचं, जबाबदारी आमची. बॅगेचा नियम आमचा. काही झालं, उशीर झाला, रद्द झालं, तर आमच्याकडं यायचं, त्यांच्याकडं नाही. आणि खरं सांगू का दादा, हे माघमेळ्यापुरतं आणलेलं विमान आहे. हे सुटलं तर ह्याच्या मागं दुसरं उभं नाही. म्हणून चढून घ्या."

मोहित आईकडं वळला. ती त्या अक्षरांकडं पाहत होती. "मम्मी, अगं ते पंजाबचं हार्वेस्टर नाही का येत गावात? धानाच्या टाइमले? मशीन त्याची, सरदार ड्रायव्हर त्याचा, वावर आपलं. तसंच हे. त्यांच्या मुलकात थंडीत कोणी फिरत नाही, विमानं रिकामी. आपल्याकडं गर्दी. भाड्यानं ड्रायव्हरसकट आणलं."

"हं," सिंधुताई म्हणाली. समजलं होतं. ह्यात न समजण्यासारखं काय होतं? दर साली बांधीत मशीन येई, बॉनेटवर गुरुमुखीत लिहिलेलं असे, आणि गावातले लोक त्याला 'पाटलाचं हार्वेस्टर' म्हणत कारण पाटलानं बोलावलेलं असे. पण मशीनमध्ये कोणी मेलेल्या माणसाला बसवत नव्हतं.

"काय नाव हाये त्याचं?" तिनं उन्नतीला विचारलं.

"विमानाचं? नीलपंखच म्हणा काकू."

"नाई. त्याचं सोताचं."

उन्नतीनं मान वर करून ती अक्षरं पाहिली, ओठ हलवले, आणि म्हणाली, "मलाही नीट येत नाही म्हणायला. थांबा, वर विचारून सांगते." आणि ती शेठला बॅगेवरून उठवायला गेली.

इथं सिंधुताईला वेळ होता. हे नीट लक्षात ठेवा. जिना लांब होता, रांग हळू होती, पुढं एक म्हातारी एकेका पायरीवर थांबत होती. सिंधुताई पायथ्याशी मडकं घेऊन उभी होती. नाव येत नसेल तर 'पांढरं इमान' म्हणता आलं असतं. 'गोऱ्याइचं इमान' म्हणता आलं असतं. 'नीलपंख नोहे जी, हे दुसरंच हाये, ह्याच्यात चढा,' एवढं म्हटलं असतं तरी दयारामला पुरलं असतं. हातवाऱ्यावर जन्म काढलेला माणूस. तिनं हे सगळं तिथं उभ्या उभ्या विचारात घेतलं. शब्द तोंडात होते. तोंड उघडलं नाही. हात बहिरा झाला की बोट हलवायला सांगतो आपण आणि बोट हलत नाही, तसं.

मागून मोहित म्हणाला, "चल न मम्मी." ती चढली.

वर दारातल्या गोरीला तिनं बोटानं विमान दाखवून विचारलं, "नाव काय?" गोरीनं छातीवर हात ठेवला आणि हसून सांगितलं, "राजा." सिंधुताईनं मान हलवली. पोरीचं नाव राजा. असो.

जागा मधली मिळाली. एका अंगाला शेठ, दुसऱ्या अंगाला चादर पांघरलेला एक साधू, मोहित चार रांगा मागं. राजा नावाची पोरगी आली आणि मडकं खाली ठेवा म्हणून हातानं दाखवू लागली. खाली म्हणजे जमिनीवर. सिंधुताईनं नाही म्हणून मान हलवली. राजानं पुन्हा दाखवलं. ह्या दोघी एकमेकींना नुसत्या माना हलवत राहिल्या. मग एक हिंदी बोलणारी पोरगी धावत आली, म्हणाली, माताजी, उडताना आणि उतरताना मांडीवर काही चालत नाही, नियम आहे. साधूनं आपली चादर काढली, चार घड्या घालून पुढच्या सीटखाली अंथरली. सिंधुताईनं मडकं त्यावर ठेवलं आणि त्या बाजूचा पाय अख्खा रस्ता आखडून धरला, लागू नये म्हणून.

विमान उडालं. शेठनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. सिंधुताईनं खाली मडक्याकडं पाहिलं. हाक द्यायची वेळ होती, वर चढून राहिलो जी. दिली नाही. कोणाला देणार? तिला पक्कं ठाऊक होतं, मडक्यात राख आणि हाडं आहेत, आणि माणूस माना विमानतळाच्या काचेच्या दाराआड खुर्चीवर बसलाय, मांडीवर हात ठेवून, नीलपंखाची वाट पाहत. तो उठून कोणाला विचारणारही नाही. तिला ह्याचं वाईट वाटलं का? वाटायला पाहिजे होतं. तिनं वाटतंय का म्हणून आतल्या आत चाचपून पाहिलं. काहीच लागलं नाही. खायला एक थंड ब्रेड दिला. तिनं तो खाल्ला.

प्रयागला थंडी होती. पंड्याच्या तख्तावर बसले. त्यानं गाव विचारलं, कूळ विचारलं, आजोबाचं नाव विचारलं. मग सिंधुताईकडं पाहून म्हणाला, "साथ लेकर आई हैं न माताजी?"

"मडकं आणलं," सिंधुताई म्हणाली.

पंड्याला ते उत्तर ठीकच वाटलं. बोटीतून संगमावर गेले. दोन पाण्यांचे दोन रंग होते, नावाडी ते दाखवत होता. मोहितनं मडकं तिरपं केलं. त्याला हुंदका फुटला, बोट हलली, नावाडी म्हणाला, "भैया, बैठ के." सिंधुताईनं मुलाचा सदरा मागून धरून ठेवला, पडू नये म्हणून. उसवलेली शिवण अजून तशीच होती.

परतीला सारनाथ मिळाली, धुकं उठलं होतं. दिवस उजाडल्यावर गाडी कटनीला लागली. सिंधुताईनं खिडकीतून सासऱ्यासाठी बिडी टाकली. "मामाजी, घ्या." मोहित खाली उतरून चहा घेऊन आला, एक कप फलाटाच्या कडेला ओतला, एक आईला दिला, एक स्वतः घेतला. बापाच्या मरणानंतर तो पहिल्यांदा हसला. "दादाजी तर कटनीचे पर्मनंट झाले मम्मी. इनका आधार कार्ड भी यहीं का बन गया असेल."

सिंधुताई चहा फुंकत म्हणाली, "तुहा बाप मान्याले हाये."

"क्या?"

"हाक चुकली. नीलपंख म्हटलं, इमान दुसरंच निघालं."

मोहितनं कप खाली ठेवला. "मम्मी, ये क्या बात हुई? अगं ते नीलपंखचंच होतं. तिकीट नीलपंखचं. ती मुलगी बोलली न, जबाबदारी त्यांची."

"जिवंत मानसाची. जिवंत मानूस तिकिटावर जाते. मेलेला नावावर."

"तर मग तेव्हाच का नाही दिली दुसरी हाक? तू पायरीपाशी उभी होती. मी पाहिलं."

"आठोन होती."

"फिर?"

"तोंड नाई उघडलं."

"जानबूझके?"

सिंधुताईनं राहिलेला चहा पिऊन टाकला. गाडी हलली होती. "काय मालूम गा."

"मी सोडलं न त्यांना पाण्यात. ह्या हातानं सोडलं."

"राख सोडली. चांगली सोडली."

तो वरच्या बर्थवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. बिलासपूर गेलं, भाटापारा गेलं. त्याला झोप लागली. रायपूर आलं तेव्हा गाडीतलं सगळं भिलाई-दुर्ग निवांत बसून होतं, त्यांना पुढं जायचं होतं. सिंधुताई उठली, पिशवी घेतली आणि उतरली. पाटी वाचली नाही. कोणाला विचारलं नाही. मोहितला जाग आली ती गाडी सुटायच्या धक्क्यानं. त्यानं खिडकीतून पाहिलं तर आई फलाटावरून चाललेली. तो बॅग घेऊन उडी मारून उतरला, एक चप्पल बर्थखालीच राहिली.

"मम्मी! पागल हो गई क्या? आपलं स्टेशन नाही!"

"मालूम हाये. चप्पल कोठी?"

"गेली दुर्गला."

"जाऊ दे. ऑटो पाह्य. मान्याले जाचं."

एका पायात चप्पल घालून तो विमानतळाच्या दाराशी उभा राहिला. आत सोडेनात, तिकीट नाही. तोच जवान नव्हता, दुसरा होता, तरुण. "किसको लेने आए हैं माताजी?"

"ह्याच्या बापाले."

"कौन सी फ्लाइट से आ रहे हैं?"

"येऊन नाई राहिले. जाचे होते. सुटली त्याइची."

जवानानं मोहितकडं पाहिलं. मोहितनं खाली आपल्या अनवाणी पायाकडं. "तो अभी तक अंदर बैठे हैं?"

"बसलेच असन," सिंधुताई म्हणाली. "थो कोठी जाते?"

"नाम बताइए, अनाउंस करवा देता हूँ."

"नोको. आवाज लहान दिला तरी आयकते."

ती काचेपर्यंत गेली. आत खुर्च्या होत्या, माणसं होती, पाटीवर नावं उतरत होती. कोणाचं तरी लेकरू काचेला नाक लावून तिच्याकडं पाहत होतं. ती थोडी वाकली. दाराला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "चला जी. जेवले का?"

दार आपोआप उघडलं. आतून एक बाई ट्रॉली ढकलत बाहेर आली. दार लागलं.

सिंधुताई वळली आणि रस्त्याकडं चालू लागली, जरा सावकाश, मागच्याला गाठता यावं अशी. मोहित तिच्या मागं होता, पण अगदी मागं नाही. मधे माणूसभर जागा सोडून चालत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑटो करून चौकात आले. दुर्गची बस लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता, "भिलाई, पावर हाऊस, दुर्ग!" सिंधुताई पायरीशी थांबली. समोर काचेवर शहर बससेवेची हिरवी पाटी होती. तिनं ती वाचली. मग ती बसच्या बाजूला गेली. दारामागं पत्र्यावर लहान अक्षरांत ठेकेदाराचं नाव होतं, चालवतो कोण ते.

"माताजी, चढ़ो न, गाड़ी छूट रही है!"

"थांब गा," सिंधुताई म्हणाली. "ही बस कोणाची? पाटीवाल्याची का पत्र्यावाल्याची?"

"दोनों की समझो! चढ़ो!"

तिनं मागं वळून पाहिलं, मग मोठ्यानं, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं, पाटीवरचं नाव वाचलं. आणि पत्र्यावरचंही वाचलं.